सातबाऱ्यावर माझं नाव

भावाचा फोन आला तेव्हा जर्मनीत येऊन मी जेमतेम एक थंडी काढली होती. "ताई, वकिलातीत जा, हक्कसोडीवर सही कर अन् पाठवून दे. प्लॉटिंगवाला घाई करतोय." वडील गेल्यावर शेताला आईचं, माझं आणि त्याचं नाव लागलं होतं, हे मला तेव्हा कळलं, तेही नाव काढायची वेळ आल्यावर. आमच्याकडं बहिणी हक्क सोडतात. भाऊ साडी नेसवतो आणि माहेर टिकतं, असं म्हणतात. मीही "बरं" म्हणून टाकलं. मुलींना तो शब्द बाळगुटीबरोबरच चाटवलेला असतो.

पण जे सोडायचं ते एकदा डोळ्यांनी बघावं असं वाटत राहिलं. सातबारा आता घरबसल्या दिसतो म्हणे.

शेत शहराबाहेर, हर्सूलच्या पुढं. दुष्काळाच्या वर्षांत तिथल्या तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि औरंगपुऱ्यातल्या आमच्या नळाला आठवड्यानं पाणी यायचं. वडील कचेरीतून आले की त्याच पाण्याचे कॅन स्कूटरला बांधून मोसंबीला घालायला निघायचे. आई करवादायची, "माणसं पारोशी ऱ्हाऊ द्या, झाडं मात्र न्हाली पायजेत!" मी मागं बसून कॅन धरायचे. हर्सूलच्या जेलची भिंत मागं पडली की मोकळं रान लागायचं. एका झाडाला एक कॅन. पाणी आळ्यात मुरेपर्यंत वडील नुसते बघत उभे राहायचे, आणि मी त्यांच्याकडं बघत. त्या संध्याकाळी मला अजून हव्याशा वाटतात. आजूबाजूच्या बागांचं सरपण झालं, आमची थोडी झाडं तगली. पुढं शहरच शेताकडं सरकत आलं. आधी एक ढाबा, मग मंगल कार्यालय, मग बांधापर्यंत प्लॉट आणि त्यांवर रंगीत झेंडे.

तर मी लॅपटॉप उघडला. जिल्हा, तालुका, गाव निवडलं. पुढं गट नंबर. तो कुणाला ठाऊक? आमच्या घरात त्या शेताला 'मोसंबीचं' म्हणतात, आणि सरकारनं त्यासाठी रकाना ठेवलेला नाही. भावाला विचारावं तर तो म्हणणार, तुला कशाला पाहिजे. नावानं शोधायची सोय होती, पण मोबाईल नंबर भारतातलाच हवा. माझा इथला नंबर त्या चौकटीत मावेना. शेवटी आईला फोन केला. तिनं तिचा नंबर दिला, चष्मा शोधून, आलेला ओटीपी वाचून दाखवला आणि फोन न ठेवता तशीच बसून राहिली.

मी माझं नाव टाकलं. माहिती उपलब्ध नाही. पुन्हा टाकलं, तेच. माझं डोकंच फिरलं.

"आई, तुझ्या लेकानं आधीच काढलं वाटतं माझं नाव!"

"कोणतं टाकलंस?"

मी सांगितलं.

"अगं येडे, ते सासरचं! तुझ्या बापाच्या तोंडात ते कधी बसलं का?"

खरंच की. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव मी टाकत होते. पासपोर्टवर तेच, इथल्या दारावरही तेच. जन्माचं नाव लिहून इतकी वर्षं झाली होती की माझी बोटं अडखळली. ते टाकलं, त्यापुढं वडिलांचं, आणि पान उघडलं. आईचं नाव, त्याखाली माझं, मग भावाचं. मला रडूच आलं. सातबारा बघून रडणारी मी पहिलीच असेन.

"आई, तुझंही नाव आहे गं."

"माझं? वाच बरं."

वाचलं.

"अजून एकदा वाच." मग तिनंच विचारलं, "वैजापूरकडचं शेत दिसतंय का तिथं? माझ्या बापाचं?"

तिचं जन्माचं नाव मला तिलाच विचारावं लागलं. मामा तिला कायम अक्का म्हणायचे, त्यामुळे ते कधी कानावरच पडलं नव्हतं. तिच्या गावाच्या यादीत सगळ्या मामांची नावं होती. तिचं नव्हतं.

"नसंलच," आई म्हणाली. "मीच सोडलं की. साडी दिली व्हती भावांनी, हिरवी. लई भारी व्हती. पण तू नको सोडू."

मी भावाला कळवलं, शेताचं काय करायचं ते तिघं बसून ठरवू, पण हक्क मी सोडणार नाही. तो रागावला. राखी पोचली तरी त्याचा फोन आला नाही. माहेर तुटतं की काय या धास्तीनं मी आजही कासावीस होते.

पण परवा शेजारच्या काकूंनी सांगितलं, प्लॉटिंगवाला कागद घेऊन घरी आला होता. आईनं त्याला दारातूनच वाटेला लावलं. म्हणाली, "सही माझी बी लागती, अन् मी नाय करत."