पार्सलातली ओटी

त्या बाईचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. वीसेक वर्षं झाली असतील. ऊर्जानगरात राहत होतो, नवरा पॉवर हाऊसमध्ये, पोरं शाळेत आणि मी दिवसभर रिकामी. रिकामपणात माणसाला नको ते धंदे सुचतात. कॉम्प्युटरचा क्लास लावला, चंद्रपुरातल्या एका सायबर कॅफेत बसायला लागले आणि ऑस्ट्रेलियातल्या एका दुकानदारीणबाईला कोसा रेशमाचे स्टोल विकायला निघाले. आमची झेप म्हणजे थेट समुद्रापार. वणी-वरोऱ्याला विकणं आम्हाला कमीपणाचं!

स्टोल विणणारी बाई आरमोरीकडच्या एका खेड्यातली. घराच्या पडवीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि माग चालवायचा. गावातले बाकीचे माग कधीच मोडले होते. हिचाही मोडायचा, खड्डा बुजवायचा आणि दोघांनी आंध्रात मिरची तोडायला जायचं, असं तिच्या नवऱ्यानं ठरवून टाकलं होतं.

"मिरचीनं हात लय जळते, मॅडम," ती मला म्हणाली होती. "मले मागावरच बसू द्या. तेवढं पाहा."

क्वार्टरमधल्या बायांना सगळे मॅडमच म्हणायचे. मी तिला दटावलं, "मॅडम काऊन म्हणतेस वो? ताई म्हण." दोन-तीन भेटी गेल्या, मग तिच्या तोंडी ताई बसलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

ऑस्ट्रेलियावालीनं आधी नमुन्याचे चार स्टोल मागवले. ते आवडले. मग तिच्या मेल यायला लागल्या, आणि काय त्या मेल! घराचा फोटो, कुत्र्याचा फोटो, माझ्या पोरांची चौकशी. विणणारीचा मागावर बसलेला फोटो पाठव, तिची कहाणी लिहून पाठव. तुम्ही आता आमच्या घरच्याच, ती विणणारी तर जणू माझी दूरची बहीण, असं बाईचं लिहिणं. मी वेडी, सगळं खरं धरलं. दुकानदार गिऱ्हाइकाशी गोड बोलतो हे मला गोलबाजारात बरोबर कळायचं. इंग्रजीत तेच लिहून आलं तर कळलं नाही. मी मन लावून तिची कहाणी लिहिली. खेड्यात जाऊन विणकरणीला सांगितलं, "ती तुला बहीण मानते."

"मले? पाह्यलं नाई, बोललो नाई, अन् बयीण?" ती हसली. पण कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली होती.

साठ स्टोलची ऑर्डर आली. ही नीट पोचली तर दर दोन महिन्यांनी अशीच देईन, असं बाईनं लिहिलं. विणकरणीच्या नवऱ्यानंही कबूल केलं, मग माग राहू दे. पावसाळाभर ती खड्ड्यातून उठली नाही. दिवाळीच्या आधी एसटीनं गठ्ठा घेऊन स्वतः माझ्या दारात आली. घड्या इतक्या सुरेख, पातळ कागदात गुंडाळून वर दोरा बांधलेला, की उघडून बघायचा मला धीर झाला नाही. पोस्टात फॉर्म भरला. आत काय, तर फक्त कापड, दुसरं काही नाही. खाली माझी सही.

महिन्यानं मेल आली. तिकडच्या तपासणीत पार्सल उघडलं होतं. तळाशी तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि खोबऱ्याची वाटी निघाली. त्या देशात असलं काही आत येऊ देत नाहीत. सगळंच्या सगळं जाळून टाकलं, साठही स्टोल. बाईनं चारच ओळी लिहिल्या होत्या. तुम्ही खोटी सही केली, माझ्या दुकानाचं नाव खराब झालं, यापुढे व्यवहार नाही. ना कुत्रा, ना बहीण.

मी तडक खेड्यात गेले. रागानं विचारलं, "तांदूळ कोणी टाकले?"

"मीच टाकलो," ती म्हणाली. "बयनीच्या घरी कोरं कापड नुसतं पाठवते काय, ताई? ओटी भरली. आमच्याच धानाच्या बांधीतले तांदूळ हायेत. काऊन, तिले नाई आवडले?"

बहीण हा शब्द तिच्या घरी मीच नेला होता. जाळल्याचं सांगवेना. पार्सल अडकलंय म्हणाले, आणि घरी आले. बाईला तीन मेल लिहिल्या, ओटी म्हणजे काय ते समजावलं, सही माझी होती, चूक माझी, असंही लिहिलं. एकीचंही उत्तर नाही.

संक्रांतीनंतर ती अचानक ऊर्जानगरला आली. माग मोडला होता, खड्डा बुजवला होता. दुसऱ्या दिवशी मिरचीला जायचं होतं. "एकदा तिचं दुकान दाखवा," म्हणाली. नाही कसं म्हणू? कॅफेत नेलं, तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं, दुकानाचं पान उघडलं.

वर तिचाच फोटो होता, मागावर हसताना. त्याखाली माझी कहाणी, शब्दन् शब्द. आणि त्याखाली विकायला स्टोल, आमच्यासारखेच दिसणारे. बारीक अक्षरात लिहिलं होतं, मशीनवर विणलेले, देश भलताच. असा संताप मला जन्मात आला नव्हता.

"हे मी विणलो नाई," ती लगेच म्हणाली. कापड तिला न वाचता कळत होतं. "माझे कुठी हायेत?"

मग मी सगळं सांगितलं. जाळल्याचंही, आणि दोन महिने तिच्यापासून लपवल्याचंही. तिनं स्क्रीनवरच्या स्वतःच्या फोटोवर बोट ठेवलं.

"तांदूळ जाळले," ती म्हणाली. "कापड जाळलं. मंग मलेच काऊन ठेवलं तिनं?"

मी मेल उघडली. तिनं सांगितलं, फोटो काढ म्हणून लिवा. सवयीनं मी 'प्रिय बहीण' असं इंग्रजीत टाइप केलं आणि तिला वाचून दाखवलं.

"ते पुसा," ती म्हणाली. "मॅडम लिवा."

पुसलं. मॅडम लिहिलं. मेल गेली.

स्टँडवर तिला सोडायला गेले. आरमोरीची गाडी लागली होती. ती चढली, खिडकीशी बसली, पदर सारखा केला. मी म्हटलं, मिरचीहून आलीस की ये घरी. तिनं मान हलवली.

"येतो, मॅडम," ती म्हणाली.