पाइपाच्या तोंडाशी

सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या पाइपाच्या तोंडाशी कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. माती पार वाळलेली होती. माझ्या संगणकातल्या नकाशात याच पाइपातून रोज शुद्ध केलेलं पाणी वाहतं. त्याच्या भरवशावर या उन्हाळ्यात शहरातल्या बागांचं आणि इस्पितळाच्या संडासांचं धरणाचं पाणी तोडायचं ठरलंय.

"पंप कधीपासून बंद आहे?" मी ऑपरेटरला विचारलं.

"दिवाळीपासून, मॅडम. नोंदवहीत पाण्याचा रकाना रिकामा सोडला की वरून फोन येतो. म्हणून कालचाच आकडा लिहितो."

या नकाशामागचं आमचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याचा कोड सगळ्यांना उघडाही. कुणीही आत डोकावावं, चूक दाखवावी, हे मी बैठकीत केवढ्या कौतुकानं सांगितलं होतं. पाइपात डोकावायला मात्र इतक्या महिन्यांत ही माशी तेवढी आली. याच आकड्यांवरून पडद्यावर उमटणाऱ्या सपाट निळ्या रेषेकडे बघून मला कधी शंकाही आली नाही. खरं पाणी इतकं सरळ वाहतं का?

मी नोंदवही मागितली. त्यानं ती पुढे केली. आजच्या तारखेसमोर कालचा आकडा होता. पुढच्या तारखांसमोरही तोच लिहून ठेवला होता, थेट मे महिना संपेपर्यंत.