सुलभावहिनींचा बिबट्या

१९६६च्या हिवाळ्यात सामरवरणी गावाच्या बाजूने एक बिबट्या सिल्व्हासात शिरला, दोन शेळ्या नेल्या आणि नाहीसा झाला. पोरं शाळेत यायला घाबरू लागली. मी तिथेच शिकवत होते. माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये चित्रकलेचे केळुसकर मास्तर राहत. त्यांच्या बायकोने, सुलभावहिनींनी, पोरांची भीती घालवायला पायरीवर बसून गाणं रचलं:

बिबट्या लागला रांगेला,
वाणी म्हणाला, "कार्ड काढ!"
बिबट्या दाखवी शेपूट लांब,
"याच्यावरच साखर वाढ!"

पोरं हसून लोळायची. रोज नवं कडवं हवं. मास्तरांनी चित्रं काढली. छान काढली, खोटं कशाला बोलू? सुट्टीत मुंबईला जाऊन त्यांनी एका प्रकाशकाकडून पुस्तक छापून आणलं.

वहिनींनी हात पदराला पुसून ते उघडलं. "माझं नाव कुठंय हो?" त्यांनी विचारलं. मुखपृष्ठावर छापलं होतं, 'काव्य आणि चित्रे: दत्तात्रय केळुसकर'.

"अगं, आपण काय दोन आहोत का?" मास्तर म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनींनी मात्र पुस्तक मिटून फळीवर ठेवलं.

शाळेत मास्तरांचा सत्कार झाला. शाल, नारळ, सगळं. "ओळी कशा सुचतात?" पाहुण्यांनी विचारलं. "आपोआप येतात," मास्तर बेधडक म्हणाले. मग चहाच्या वेळी हेडमास्तरांच्या पत्नींना लहर आली. "कवीच्या बायकोने उखाण्यात नाव घेतलंच पाहिजे!"

वहिनी उभ्या राहिल्या. नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या:

"दमणगंगेच्या काठी बिबट्या बसला लपून,
दत्तात्रयरावांचं नाव घेते, माझं ठेवते झाकून."

आता तरी कुणाला कळेल, असं मला वाटलं. पण टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. सगळ्यात मोठ्याने मास्तर हसले. "बघा," ते म्हणाले, "माझ्या संगतीत हिलाही जमायला लागलं!"

पुढच्या वर्षी प्रकाशकाने दुसरं पुस्तक मागितलं. मास्तरांनी बाजारात खरेदीला आलेल्या अस्वलाची चित्रं काढून वहिनींपुढे ठेवली.

"मला काही सुचत नाही हो," वहिनी म्हणाल्या.

राग काढताहेत, असं वाटून मी मनातून खूश झाले. नंतर एकट्या भेटल्या तेव्हा म्हटलं, "बरी जिरवलीत!"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "खरंच सुचत नाही. रोज बसून बघते."