पंधरा ऑगस्टला सुटलेला माणूस

आमच्या चर्चच्या आवारातला झेंड्याचा खांब पूर्वी मागच्या बाजूला होता. एका पंधरा ऑगस्टला समोरच्या दुकानदारानं पपांना सहज विचारलं की, गोरे साहेब गेले तो हा दिवस, तुम्हा लोकांना जरा वाईटच वाटत असेल, नाही? माणूस वाईट नव्हता, थट्टेनं बोलला. पपाही हसले. पण पुढच्या वर्षी त्यांनी खांब उपटून रस्त्याच्या कडेला, दगडी गडग्याला लागून पुरला. जाणाऱ्या-येणाऱ्याला झेंडा दिसला पाहिजे, एवढंच म्हणाले.

पपा रत्नागिरीत मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, पण सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत. खेड्यांतली माणसं ‘डाक्तर’ म्हणत. आमची चर्चची मंडळी लहान. पाळकसाहेब कोल्हापूरहून महिन्यातून एकदा येत आणि बाकीच्या रविवारी उपासना पपा चालवत. ऐंशीनंतरची ती वर्षं. मी शाळेत शिक्षिका होते, लग्न व्हायचं होतं. आई, पपा आणि मी चर्चला लागून असलेल्या कौलारू घरात राहत होतो.

पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी हे पपांना नाताळाइतकेच मोठे दिवस. त्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. कोणी वरून ओंजळीत ओतील तेव्हा पाणी प्यायचं. ते ख्रिस्ती झाले आणि मिशनच्या विहिरीचा रहाट पहिल्यांदा स्वतः ओढला, तेव्हा म्हणे पाणी न पिता नुसते उभे राहिले होते. पपा ही गोष्ट दर स्वातंत्र्यदिनाच्या उपदेशात सांगत. प्रभूनं दिलेली मोकळीक आणि देशाला मिळालेलं स्वातंत्र्य यांत त्यांना फरकच वाटत नसे. झेंडा फडकावून उपासना झाली की ते परवानगी घेऊन तुरुंगात जात, कैद्यांबरोबर प्रार्थना करत, लाडू वाटत. तिथंही तीच गोष्ट सांगत.

त्या कैद्यांतला एक जण गुहागर तालुक्यातल्या आतल्या गावचा होता. कुणबी माणूस. भातखाचराच्या बांधावरून चुलतभावाशी भांडण झालं आणि हातातला कोयता चालला. भाऊ जागीच गेला. हा रक्ताच्या कपड्यांनिशी बांधावर बसून राहिला, पोलीस येईपर्यंत हलला नाही. जन्मठेप झाली. बायको माहेरी गेली आणि पुढं तिनं दुसरं घर केलं. पहिली काही वर्षं तो पपांच्या प्रार्थनेला मागं भिंतीला टेकून बसायचा. मग पुढं येऊन बसू लागला. एका सव्वीस जानेवारीला त्यानं पपांना सांगितलं की मला तुमच्या प्रभूचं व्हायचंय, बाप्तिस्मा द्या.

पपांनी तेव्हा नकार दिला. घरी आल्यावर आईला म्हणाले की, तुरुंगातला माणूस हो म्हणतो ते कशासाठी, हे देवाला कळतं, मला कळत नाही. बाहेर येऊ दे, मोकळेपणानं माग म्हणावं, मग पाळकसाहेबांकडून देववीन. त्यांना वाटलं, जबरदस्तीचा वास नको. तेव्हा आईलाही ते पटलं होतं आणि मलाही.

चांगल्या वागणुकीच्या कैद्यांना पंधरा ऑगस्टला शिक्षेत सूट मिळे. त्या सवलतीनं ज्यांची शिक्षा पुरी होई, ते त्याच दिवशी बाहेर पडत. अशाच एका पंधरा ऑगस्टला तो सुटला. पपा सकाळीच तुरुंगाच्या दारात जाऊन उभे होते. त्याला न्यायला दुसरं कोणी आलं नव्हतं. त्या दिवशी पपांचा चेहरा काय उजळला होता! उपदेशात ते आयुष्यभर जे सांगत आले, ते चालत घरी आलं होतं. आईनं घावणे केले. तो पडवीत ताट घेऊन बसला आणि कोणी ‘जेव’ म्हणेपर्यंत त्यानं घासाला हात लावला नाही.

दोन दिवसांनी पपा त्याला एसटीनं त्याच्या गावी घेऊन गेले. परत आले तेव्हा तो बरोबरच होता. काय झालं ते पपांनी थोडक्यात सांगितलं. सख्ख्या भावानं दोघांना पडवीत बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला. आरडाओरडा कोणीच केला नाही. मग भाऊ पपांना बाजूला घेऊन म्हणाला, “डाक्तर, हा माजा भाऊस हाय. पन त्याची रांड दोन घरं सोडून ऱ्हाते. तिच्या डोल्यांम्होरनं ह्यो रोज पान्याला जानार काय?” रांड म्हणजे त्या मेलेल्या चुलतभावाची विधवा. आमच्याकडच्या खेड्यांत हा शब्द तसा बोलला जातो. भाऊ खोटं बोलत नव्हता.

मग तो चर्चमागच्या खोलीत राहू लागला. आवारातलं गवत काढायचा, विहीर उपसायचा, मला शाळेतून यायला उशीर झाला तर आईला लाकडं फोडून द्यायचा. बोलायचा फार कमी. एक गोष्ट मात्र आम्हा सगळ्यांच्या लक्षात आली. दार सताड उघडं असलं तरी तो उंबऱ्याशी थांबून राहायचा. ‘जा’ म्हटलं की जायचा. बाजारात पाठवलं तर जाऊन यायचा, पण आपणहून फाटकाबाहेर पाऊल टाकायचा नाही. पपांना ते बघवेना. एकदा ते त्याच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले की, अरे, तू आता मोकळा आहेस, तुला कोणाला विचारायला नको.

त्यानं हातातलं गवत खाली ठेवलं. मग म्हणाला, “मोकला हाय ते समाजलं, डाक्तर. पन मोकल्या मानसानं करायचं काय?”

पपा मग मोकळ्या माणसानं काय करायचं ते सांगू लागले. काम करायचं, प्रार्थना करायची, शेजाऱ्याला मदत करायची. मी आत वह्या तपासत होते. पपांचा आवाज उपदेशाचाच होता, पण मधूनमधून अडखळत होता.

सप्टेंबरात त्यानं पुन्हा बाप्तिस्मा मागितला. आता तो बाहेर होता आणि मोकळेपणानं मागत होता. पण बाप्तिस्मा पाळकसाहेब देणार, आणि त्याआधी मंडळीच्या पंचकमिटीची संमती हवी. बैठक आमच्याच ओटीवर झाली. चहा करून मी दाराशी उभी होते. कमिटीचे सेक्रेटरी निवृत्त हेडक्लार्क होते, माझ्या लहानपणी मला खांद्यावर घेऊन फिरलेले. त्यांनी मुद्दा मांडला. गावात आधीच बोललं जातंय की हे लोक तुरुंगात जाऊन माणसं बाटवतात. एक हवालदार येऊन नम्रपणे चौकशी करून गेलाय. उद्या खुनी माणसाला आपण बाप्तिस्मा दिला तर लोक काय म्हणतील? आपल्या मुलांच्या नोकऱ्या आहेत, मुलींची लग्नं व्हायचीत. असं बोलताना त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

पपांनी विचारलं की, प्रभूशेजारी वधस्तंभावर एक गुन्हेगार होता आणि प्रभूनं त्याला आपलं म्हटलं, ते आपण विसरलो का? सेक्रेटरी शेवटी म्हणाले, “डॉक्टर, प्रभूला या गावात राहायचं नव्हतं. आपल्याला राहायचंय.”

ते ऐकून मला राग आला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. त्यांच्या आवाजात भीती होती, आणि ती भीती मला ओळखीची होती. शाळेत पंधरा ऑगस्टची भाषणं बसवताना मुख्याध्यापक मला नेहमी म्हणत की, बाई, तुम्ही जरा जास्तच मनापासून करता. त्यात कौतुक किती आणि पारख किती, हे मला कधी कळलं नाही. आमची सगळी मंडळीच असं जरा जास्त मनापासून जगत होती. आपण कुठंही खपत नाही अशी धाकधूक असलेली माणसं आणखी एका न खपणाऱ्या माणसाला कुठं ठेवणार होती?

बाप्तिस्मा पुढं ढकलला गेला. खोलीही खाली करायची ठरली. पपांच्या ओळखीच्या एका बागायतदाराची गावाबाहेर आंब्याच्या कलमांची बाग होती. त्यानं त्याला राखणीला ठेवून घेतलं. तिथं दोनेक महिने बरे गेले. रविवारी तो चालत यायचा, उपासना होईपर्यंत चर्चच्या व्हरांड्यात बसायचा, आईनं दिलेलं खायचा आणि परत जायचा. मग बागेत गवत कापायला येणाऱ्या बायकांना तो कोण आहे ते कळलं. बायका यायच्या थांबल्या. बागायतदार स्वतः पपांकडे आला, फार अवघडून बसला, आणि माझा नाइलाज आहे म्हणाला. राखणीचं काम सुटल्यावर तो कुठं राहत होता ते आम्हाला धड कळलं नाही. कधी बंदरावर दिसायचा, कधी एसटी स्टँडवर. पपा शोधून आणायचे, आई जेवायला घालायची, सकाळी उठून बघावं तर गेलेला. आमच्या घराला त्रास नको, असं तो आईला एकदा म्हणाला होता.

सव्वीस जानेवारीला पपा नेहमीप्रमाणे तुरुंगात प्रार्थनेला निघाले. लाडवांचा डबा जड म्हणून मी तुरुंगाच्या दारापर्यंत गेले. तो तिथंच भिंतीच्या सावलीत बसला होता. दाढी वाढली होती. पपांना पाहून उठला, हात जोडले आणि म्हणाला की, आज मला तुमच्याबरोबर आत न्या. फक्त प्रार्थनेपुरता. माझी जागा मला माहीत आहे, तिथं बसतो आणि तुमच्याबरोबर बाहेर येतो.

पपांनी आत जाऊन विचारलं. अधिकारी भला माणूस होता, पण सुटलेल्या कैद्याला असं आत घेता येत नाही, हे त्यालाही सांगावंच लागलं. पपा बाहेर येऊन त्याला म्हणाले, “थांब इथं. मी लगेच येतो. मग आपण घरी जाऊ.”

आत त्या दिवशी काय झालं ते मला पपांनी पुढं कितीतरी महिन्यांनी सांगितलं. ते उभे राहिले, आजोबांच्या विहिरीची गोष्ट सुरू केली, आणि मोकळा हा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडेना. समोर बसलेले लोक वाट बघत होते. पपांनी डोळे मिटून प्रार्थना उरकली आणि लाडू वाटले. बाहेर आले तेव्हा भिंतीपाशी मी एकटीच होते. तो मला म्हणाला होता की गावाकडे जाऊन येतो. मी जेवून जा म्हटलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि चालू लागला. तोवर कोणी ‘जा’ म्हटल्याशिवाय मी त्याला निघालेला पाहिला नव्हता.

चार-पाच दिवसांनी जयगडहून निरोप आला. खाडीच्या चिखलात त्याचं प्रेत मिळालं होतं. खाडीपलीकडे उतरलं की गुहागर तालुका. खाडीत होडी चालवणाऱ्या तरीवाल्यानं सांगितलं की हा माणूस धक्क्यावर येऊन बसला होता, होडीत बसतोस का विचारलं तर नंतरच्या खेपेला येतो म्हणाला, आणि प्रत्येक खेपेला तेच म्हणाला. पाय घसरला की काय झालं, कोणी पाहिलं नव्हतं. कुठला रे तू, असं कोणीतरी विचारलं तेव्हा त्यानं गावाचं नाव घेतलं नाही. रत्नागिरीच्या डाक्तरांच्या मंडळीतला, असं सांगितलं. म्हणून निरोप आमच्याकडे आला.

पपा आधी सेक्रेटरींकडे गेले. आमच्या दफनभूमीत कोपऱ्यात एक जागा द्या, एवढंच मागितलं. सेक्रेटरी रडले, खरोखर रडले, पण बाप्तिस्मा झालेला नाही म्हणाले. उद्या त्याच्या गावची माणसं येऊन विचारतील, आमचा माणूस तुम्ही कोणत्या हक्कानं पुरला? पपा उठून घरी आले. बाप्तिस्मा पहिल्यांदा नाकारणारे ते स्वतःच होते.

मी त्यांच्याबरोबर जयगडला गेले. त्याचा भाऊही आला होता, एकटाच. गावात नेता येणार नाही, हे त्यानं न विचारताच सांगितलं. तिथंच किनाऱ्यापासून जरा वर लाकडं रचली. भावानं अग्नी दिला. पपांनी टोपी काढून हातात घेतली आणि उभे राहिले. त्यांनी प्रार्थना केली की नाही, मला माहीत नाही. ओठ हलत नव्हते. निघताना भाऊ पपांच्या पाया पडू लागला तेव्हा पपा मागं सरले आणि म्हणाले की, नको, मी काही केलेलं नाही.

पुढच्या पंधरा ऑगस्टला पपांनी तब्येतीचं कारण सांगून उपासना दुसऱ्याकडे सोपवली. तुरुंगातही गेले नाहीत, ते कायमचंच. शाळेतला कार्यक्रम आटोपून मी घरी आले तर ते ओटीवर बसले होते. मी विचारलं, पपा, विश्वास राहिला नाही का?

“विश्वास आहे ग,” ते म्हणाले. “प्रभू मोकळं करतो. खोटं नाही ते. पण मोकळं केलेला माणूस ठेवायचा कुठं, ते आपल्यावर सोडलेलं होतं. आपल्याकडे जागा नव्हती. मी इतकी वर्षं काय सांगत होतो त्या लोकांना?”

मी म्हटलं की तुम्ही एकट्यानं काय करणार होतात. आईनं आतून जेवायला हाक मारली. पपा उठले नाहीत. मीही त्यांच्याशेजारी बसून राहिले. काय बोलावं ते मला सुचलं नाही, आणि इतक्या वर्षांनी आजही सुचत नाही.