खाटेजवळची ओल

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी नाही. ज्यांच्यापाशी बोलायला हवं होतं ते आबा – माझे वडील – दोन महिन्यांपूर्वी गेले. आता लिहायला बसले आहे, तर तीन दिवसांत एवढ्याच ओळी झाल्या आहेत. हात चालत नाही म्हणावं, तर ग्रंथालयातली कार्डं दिवसभर लिहू शकते. मग अडतं कुठे?

आणि गोष्ट तरी काय, कुत्र्याच्या मुताची. हसू आलं तर हसा. मलाही ती आधी तेवढीच वाटली होती. फडक्याने पुसण्याइतकी.

आम्ही बारामतीत एमआयडीसीच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझा नवरा विलास दुधाच्या कारखान्यात आहे, मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि घर एकदम मोठं झालं. कॉलेजातल्या एका शिपायाच्या घरी कुत्री व्यायली होती. त्यातलं एक पिल्लू मी पिशवीत घालून आणलं – पांढरं, अंगावर पिवळसर ठिपके. मी तिचं नाव बुंदी ठेवलं. विलासला कुत्र्याची आवड नाही. पण माझ्याकडे बघून तो हो म्हणाला. एकच अट घातली. शिकवून झाल्यावर घरात घाण झाली, की दुसऱ्या दिवशी बुंदी मित्राच्या शेतावर. तो अशा गोष्टी ओरडून सांगत नाही. म्हणून त्या खऱ्या असतात.

लिफ्ट बंद असते, खाली मोकाट कुत्री, आणि दिवसभर आम्ही दोघंही बाहेर. मग मी ट्रे मागवला. दीड हात लांबीचं उथळ प्लास्टिकचं तबक, त्यावर जाळी, जाळीवर हिरवं खोटं गवत. कुत्रं गवतावर बसतं, खाली जमतं ते ओतून द्यायचं. मी त्यावर वाचलं – मी सगळ्याच गोष्टींवर आधी वाचते. पिल्लाची शू टिपलेला कागदाचा तुकडा गवताखाली ठेवायचा, म्हणजे वासाने त्याला जागा कळते. खाल्ल्यावर, झोपून उठल्यावर तिथे नेऊन उभं करायचं. झालं की लगेच बिस्किटाचा तुकडा. चुकलं तर ओरडायचं नाही. तीन आठवडे मी तेच केलं. ट्रे मुलीच्या रिकाम्या खोलीत, बाथरूमच्या दाराजवळच्या कोपऱ्यात होता; ओतायला सोपं म्हणून. बुंदी शिकली. इतकी, की रात्री दिवा न लावताही बरोबर त्या कोपऱ्यात जायची. मला त्याचा अभिमान होता. का नसावा?

मग आबांच्या डोळ्यांचं निघालं.

आबा इंदापूरकडे आमच्या गावी धाकट्या भावाकडे असायचे. आमच्या घरात एके काळी मेंढरं होती. पुढे ती विकून थोडा ऊस केला. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. एक डोळा आधी, दुसरा महिन्याने, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं; म्हणजे महिना-दीड महिना बारामतीत राहायचं. लेकीच्या घरी बापाने मुक्काम करू नये असं मानणारी ती पिढी. माझ्या लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. त्यात आबा माझ्याकडे एक रात्र राहिले नव्हते. सकाळी यायचे, जेवून संध्याकाळच्या एसटीने परत. मी हट्ट केला. विलास स्वतः गावी जाऊन म्हणाला, "मामा, माझं घर परकं आहे का?" तेव्हा आले. पिशवीत दोन धोतरं आणि माझ्यासाठी ओल्या शेंगा.

त्यांची खाट कुठे टाकायची? मुलीच्या खोलीत. आणि खोलीत कुठे – बाथरूमच्या दाराला लागून, म्हणजे दोन पावलांत जाता येईल. म्हणजे बुंदीच्या कोपऱ्यात. ते येण्याच्या आदल्या दिवशी मी ट्रे उचलून बाल्कनीत नेला. आबांना वास नको म्हणून फिनेलने घासून धुतला. जागा बदलायची तर ट्रे रोज हातभर सरकवत न्यावा, एकदम हलवू नये, हे मी वाचलेलं होतं. खाली रेघही मारली होती. पण पाहुणा उद्यावर आलेला, कोण आठ-दहा दिवस ट्रे सरकवत बसणार? आणि फिनेलने ट्रेवरची तिची खूण धुऊन गेली. कोपऱ्यातल्या फरशीच्या सांध्यांत मात्र ती राहिली. माणसाच्या नाकाला न कळणारी.

आबांनी बाल्कनीत ट्रेवर पाय ठेवून बघितला. "ह्ये काय गं सुमे? गवात लावलंस व्हय हितं?"

मी सांगितलं. ते हसतच सुटले. "आरं द्येवा! आमची कुत्री मेंढरामागं धा-धा मैल चालायची. आन ह्या म्हाराणीला तिसऱ्या मजल्यावर कुरान आणून दिलंय!" कुरण म्हणजे चराऊ रान. बुंदी त्यांच्या पायाशी लोळत होती. खाटेवर बसले की ती त्यांच्या मांडीत. "आगं, कुत्र्याला मांडीवर घ्यायचं नसतंय," असं म्हणत तिला कुरवाळत बसायचे.

ऑपरेशन चांगलं झालं. काळा चष्मा लावून ते दिवसभर पडून असायचे. एका डोळ्याला सगळं धूसर, दुसऱ्याला नुसता उजेड. तिसऱ्या दिवशी सकाळी विलास त्यांना चहा द्यायला गेला आणि खाटेच्या पायथ्याशी त्याचा पाय ओल्यात पडला.

"काय झालं, पाव्हणं?"

"काही नाही, मामा. पाणी सांडलंय."

आबांनी नाक ओढून वास घेतला. "पाणी न्हाय ह्ये." मग त्यांनी आपलं धोतर चाचपलं, पुन्हा चाचपलं. "धोतर तर कोरडं लागतंय."

स्वयंपाकघरात येऊन विलास हळू आवाजात म्हणाला, उठले असतील, दिसत नाही, अंदाज चुकला असेल. तेव्हा मलाही तसंच वाटलं. खरंच वाटलं. इथपर्यंत माझा दोष धांदलीचा होता, असं म्हणता येईल.

दोन दिवसांनी मी कॉलेजातून लवकर आले. आबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. बुंदी खोलीत गेली, खाटेच्या पायथ्याशी हुंगून तिने एक गिरकी घेतली आणि बसली. माझ्या डोळ्यांदेखत. उठली, आणि बिस्किटासाठी माझ्याकडे आली. तिचं काय चुकलं होतं? शिकवलेल्या जागी गेली होती ती.

मी पुसून घेतलं. आबा जागे झाले नाहीत. संध्याकाळी विलास आला, जेवला. मी त्याला सांगितलं नाही. ट्रे परत त्या कोपऱ्यात ठेवता आला असता, खाट चार हात सरकवता आली असती. पण मग का सरकवली ते सांगावं लागलं असतं. सांगितलं की बुंदी शेतावर. दिवसभराच्या कामानंतर कुलूप उघडताना आत कुणीतरी शेपूट हलवतंय, याची मला सवय लागली होती. एवढंच कारण आहे. याहून मोठं काही शोधून बघितलं, सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ओल होती. मी फडकं घेऊन वाकले होते, आबा खाटेवर बसलेले, विलास दारात. त्याने मला सरळ विचारलं, "बुंदी नाही ना गं?"

मी म्हणाले, "नाही. ती बाल्कनीतच जाते. मी बघते ना रोज."

आणि मग – हे लिहायलाच तीन दिवस लागले – मी आबांकडे वळून म्हणाले, "आबा, उठताना मला हाक मारत जा."

गप्प राहणं वेगळं. हे मी तोंडाने बोलले. माया असल्यासारख्या आवाजात.

आबांनी जन्मभर कुत्री सांभाळली होती. त्या नाकाला कुत्र्याचा आणि माणसाचा वास वेगळा कळला नसेल? कळला असेल. पण लेक नाही म्हणाली होती. त्यांनी नाक खोटं ठरवलं. कोरडं धोतरही खोटं ठरवलं. खाली बघत म्हणाले, "व्हय बाय. मारीन हाक."

विलास वाईट माणूस नाही, उलट इथे तोच चांगला वागला. वर्तमानपत्रात गुंडाळून मोठ्या माणसांचे डायपर घेऊन आला आणि आबांच्या शेजारी बसून म्हणाला, "मामा, वयाने होतं. माझ्या वडिलांनाही व्हायचं, मीच करायचो सगळं. लाजायचं नाही." आबा हात जोडून म्हणाले, "लई उपकार, पाव्हणं." जावयासमोर हात जोडून. मी दाराशी उभी होते.

त्यानंतर आबा दुपारी चारनंतर पाणी पिईनात. चहा दिला तर "नगं, पित्त व्हतंय" म्हणायचे. बुंदी मांडीवर आली की खाली ठेवायचे, आपली ओल तिच्या अंगाला कशाला लागावी म्हणून. मी रोज पहाटे उठून त्यांच्याआधी कोपरा पुसून घ्यायचे. पण त्यांना ओल्या फरशीचा गारवा पायाला लागायचाच. पुसलेलं असलं की त्यांना वाटायचं, लेकीने रातोरात आपलं पुसून घेतलं. डायपर कोरडा निघाला तरी झोपेत आपणच उठून केलं असेल, असंच ते धरून चालायचे. विचारायचे नाहीत. मी सांगायचे नाही. असे किती दिवस? मोजले नाहीत.

दुसऱ्या डोळ्याची तारीख यायच्या आत त्यांनी भावाला बोलावून घेतलं. जिना उतरताना भावाचा खांदा धरून म्हणाले, "येका डोळ्यानं भागतंय की." तो दुसरा डोळा त्यांनी पुढे कधीच केला नाही. करायचा तर कुणाकडे तरी राहायला लागलं असतं.

ते गावी परतले त्याच दुपारी मी खाट काढली आणि ट्रे कोपऱ्यात ठेवला. बुंदी आली, हुंगून गवतावर बसली. घर पुन्हा कोरडं झालं. आठवड्याने विलास म्हणाला, "बघ, आता काही नाही. बिचारे मामा." माझं खोटं त्या कोरड्या फरशीने पक्कं करून दिलं. मी म्हणाले, "हो ना."

पुढची दोन वर्षं आबांनी कुठे मुक्काम केला नाही. आमच्या मुलीच्या साखरपुड्याला आले ते मागच्या रांगेत बसले आणि जेवण व्हायच्या आत निघाले. लोक म्हणाले, म्हातारा हेकट झाला. मीही म्हणाले असेन.

आबांच्या तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी मी गावीच होते. भावाची बायको मंगल अंगणात आबांचं घोंगडं झटकत होती. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेऊन असते, आणि सासरा सुनेशी कामापुरतंच बोलतो. ती म्हणाली, "ताई, येक इचारू? कुणाला सांगितलं न्हाय मी. तुमच्याकडनं आल्यापासनं आबा बाहेरच्या छपरात झोपायचे. खाली पोतं टाकून. रोज सकाळी मला हाक मारायचे. तिकडं मान फिरवून म्हणायचे, सूनबाई, हात लावून बघ गं, वलं हाय का."

तिने घोंगडं पुन्हा एकदा झटकलं.

"दोन वर्सं, ताई. येक दिस वलं न्हवतं. मी म्हणायची, आबा, कोरडं ठणठणीत हाय. तर म्हणायचे, तू माझं मन राखतीस. माझ्या सुमीनं डोळ्यानं बगितलंय." तिने घोंगडं खांद्यावर घेतलं. "काय बगितलंवतं वं तुमी?"

अंगणात आम्ही दोघीच होतो. भाऊ उसाला पाणी द्यायला गेला होता. घाई कशाचीच नव्हती.

मी म्हणाले, "आठवत नाही गं मंगल."

तिने मान हलवली आणि घोंगडं दोरीवर टाकलं.

आठवत होतं. जेवढं आठवतं तेवढं वर लिहिलं आहे.