पान नसलेला पेला

या, जरा जवळ बसा. अशी लांबून पुरवणी चाळू नका. आधी राशिभविष्य, मग शब्दकोडं, आणि कुणी गेलेल्या माणसाचा फोटो दिसला की घाईनं पुढे जायचं, ही सवय मला ठाऊक आहे. माझीही तीच होती. आणि आमच्या खारीच्या बिल्डिंगमधले जे कुणी हे वाचत असतील, विरारला गेलेले, बदलापूरला गेलेले, त्यांना तर मी आधी रागावणार आहे. किसनभाऊ वाघमारे गेले त्याला महिना होत आला. तुमच्यापैकी चौघांचे फोन आले, तेही "काय झालं होतं?" एवढंच विचारायला. अरे, काय झालं होतं ते डॉक्टर सांगतील. माणूस कसा होता ते कोण सांगणार?

त्यांच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. निवृत्तीनंतर भाऊ तिच्याकडे नाशिकला राहायला गेले होते. "मावशी, बाबा पहाटे गेले," एवढंच ती म्हणाली. मी गाळणं तसंच हातात धरून उभी... चहा ओट्यावरून खाली ओघळला तरी कळलं नाही. मग ती हळूच म्हणाली, "तुमच्यासाठी एक वस्तू ठेवलीये त्यांनी. मी घेऊन येते." कुठली वस्तू ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

आम्ही परळ सोडून भाईंदरला आलो तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बिल्डिंग खारी गावाला लागून, मागच्या गॅलरीत उभं राहिलं की मिठागरं दिसायची, आणि पाणी टँकरचं. आमच्या समोरच्या दारात वाघमारे कुटुंब आलं, मूळचं नांदेडकडचं. नवरा कस्टममध्ये आहे म्हटल्यावर आख्ख्या मजल्याचे डोळे त्यांच्या सामानावर. तेव्हा कस्टमवाला म्हणजे घरात परदेशी टेपरेकॉर्डर, साबण, अत्तर असणारच अशी सगळ्यांची खात्री. निघालं काय, तर दोन ट्रंका, पुस्तकांचं एक खोकं आणि बुद्धाची तसबीर. आमच्या शेजारच्या जसुबेन तर तोंडावर बोलायच्या, "किसनभाई, तुम कैसा कस्टमवाला है? घर में एक सेंट की बाटली नहीं." भाऊ हसून म्हणायचे, "बेन, पसीने का सेंट है, लगाऊं क्या?"

त्यांचं काम गोदीत, जहाजावर चढणारा माल तपासायचं. मला ते अक्का म्हणायचे. एकदा मी विचारलं, "भाऊ, एवढ्या पेट्या, एवढे कागद, त्यात खोटं कुठलं ते कसं कळतं हो?" तर म्हणाले, "कागद आधी बगायचाच नाही अक्का. कागद शिकवून आणल्यावानी बोलतो. आधी माल बगायचा. माल कुणासाठी बनवला ते माल सांगतो." तेव्हा मला ते ऐकायला गंमत वाटली. ते बोलणं माझ्याच दारात येऊन उभं राहील असं कशाला वाटेल?

आता माझं सांगते. आमच्या ह्यांना अर्धांगवायू झाला आणि घर माझ्यावर आलं. शिक्षण चौथी. भाईंदर पूर्वेला तेव्हा स्टीलच्या भांड्यांचे गाळेच गाळे. त्यातल्या एकात मी भांडी पुसून कागदात गुंडाळायच्या कामाला लागले. तिथे एक म्हातारे मशीननं भांड्यांवर नावं घालायचे. त्यांच्या शेजारी बसून, बघून बघून मी ती मशीन शिकले. आधी मराठी नावं, मग चिठ्ठीवर बघून गुजराती, मग इंग्रजी. अर्थ कळो न कळो, अक्षर मात्र जसंच्या तसं उतरवायचे. आणि ओळ संपली की शेवटी मी एक छोटंसं पान काढायचे, मधली शीर आणि दोन बाजूंना तीन तीन रेघा. कुणी शिकवलं नव्हतं. हात थांबायच्या आधी आपोआप ते पान यायचं. म्हातारे गेले तेव्हा गाळ्याच्या शेठनी ती खुर्ची मला दिली, तो दिवस मी विसरणार नाही.

भाऊंच्या आई, गयाबाई, गावाहून आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे पाणी मागितलं, मी पेला पुढे केला, तर त्यांनी ओंजळ धरली. म्हातारी बाई, जन्माची सवय... मला इतकं लाजल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी भाऊ एक नवा पेला घेऊन गाळ्यावर आले. म्हणाले, "आईचं नाव घाला. गावात हाटेलाबाहेर खिळ्याला आमच्यासाठी वेगळा कप टांगलेला असायचा. कप आमचा, पण त्याच्यावर नाव कुणाचंच नव्हतं." मी 'गयाबाई' असं घातलं, शेवटी पान काढलं. त्या बाई पुढे मरेपर्यंत दुसऱ्या भांड्यातून पाणी प्यायल्या नाहीत. बोटांनी ते पान चाचपायच्या.

मग ती ऑर्डर आली. लग्नाच्या थाळ्या, शेदोनशे तरी असतील, प्रत्येकीच्या मागे नवरानवरीचं नाव, गाव, तिथी, सगळं गुजरातीत. शेठनी चिठ्ठी दिली आणि मी तीन दिवस मान खाली घालून ती उतरवली. गावाच्या नावाशी मला काय करायचं होतं? लग्नाच्या भांड्यावर गाव घालतातच.

ते गाव होतं डरबन. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते, तेव्हा आपल्या सरकारची दक्षिण आफ्रिकेशी व्यवहाराला बंदी होती. तिथे गोऱ्यांचं राज्य, बाकीच्यांना वस्ती वेगळी, बाक वेगळा, नळ वेगळा. म्हणून इथून माल जायचा नाही, आपलं जहाज तिथल्या बंदराला लागायचं नाही. पासपोर्टवरसुद्धा छापलेलं असायचं, त्या देशाला चालणार नाही म्हणून. शेठनी कागदावर दुसऱ्याच बंदराचं नाव घातलं होतं, पेटीवर लेबलंही तीच. वाटेत कुठेतरी माल उतरवून पुढे न्यायचा बेत. सगळं जपलं, पण जन्मभर लग्नाची भांडी विकलेला माणूस, चिठ्ठीवरचं गाव तेवढं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

एका संध्याकाळी भाऊ आमच्याकडे आले. ऑफिसचेच कपडे, हातात पिशवी तशीच. मी चहा ठेवला. ते म्हणाले, "अक्का, नाव घातल्यावर शेवटी ते पान काढता तुम्ही. तसं आणखी कुणी काढतं का?" मला किती अभिमान! मी म्हटलं, "कोण काढणार? आख्ख्या भाईंदरात नाही कुणाचा हात तसा. माझंच ते."  पुढे ठेवलेल्या चहाला त्यांनी हात लावला नाही. मग उठून दारात उभं राहून म्हणाले, "मी आत्ता शेजारी म्हणून विचारलं नव्हतं. हे आधी सांगायला पाहिजे होतं. चुकलो. उद्या तुम्हाला विचारायला दुसरे साहेब येतील, मी येणार नाही. खरं असंल ते सांगा."

दुसरे साहेब आले. मी खरं ते सांगितलं, सही केली. शेठची माल पाठवायची परवानगी थांबली, गाळ्याला कुलूप लागलं आणि आम्ही सगळ्या बायका घरी. माझ्या शेजारी बसून भांडी पुसणारी खारी गावातली पारूबाय मला रस्त्यात आडवी आली आणि म्हणाली, "तुजे पानानं आमचे पोटावर पाय दिला गो. दुसरा काय न्हाय." माझ्याही घरी अंथरुणावर नवरा, त्याची औषधं, आणि हाताला काम नाही.

मी भाऊंच्या दारात गेले. "थाळ्याच होत्या ना? बंदुका नव्हत्या." ते म्हणाले, "थाळ्याच होत्या." मी म्हटलं, "त्याही आपल्याच माणसांच्या लग्नाच्या." तर म्हणाले, "हाव. त्यांनाबी तिथं वेगळाच नळ आहे. तिथल्याच लोकांनी जगाला सांगितलंय अक्का, काही पाठवू नका, आम्ही कळ काढू." माझा तोल गेला. मी म्हटलं, "त्यांनी काढली, आमची कळ कोण काढणार?"  खोटं उत्तर त्यांनी दिलं नाही, हे मला आज कळतं. तेव्हा मी दार आपटून आले आणि बोलणं टाकलं. समोरासमोर दारं, पण त्यांच्या चपला बाहेर दिसल्या की गाठ पडू नये म्हणून मी आपली कचऱ्याची बादली आत घ्यायचे.

पुढे मी स्टेशनजवळच्या एका भांड्यांच्या दुकानाबाहेर टेबल टाकून बसले. जुनी मशीन शेठनीच देऊन टाकली होती, माणूस तसा वाईट नव्हता. पहिल्याच रविवारी समोर किसनभाऊ. एक पेला, एक चिठ्ठी. मी मान वर न करता नाव घातलं, दिलं. पुढच्या रविवारी पुन्हा एक पेला, नवं नाव. लक्ष्मीबाई, धोंडिबा, सोनाबाई, सखाराम... ही त्यांच्या गावातली, त्या खिळ्यावरच्या कपातून चहा प्यायलेली माणसं, हे मला नंतर त्यांच्या बायकोनं, कुसुमनं सांगितलं. भाऊ ते पेले गावी नेऊन घरोघर द्यायचे. मी नाव घालायचे, पण पान काढणं मी सोडलं होतं. कुणासाठीच काढत नव्हते. एकदा स्वतःचा पेला घेऊन आले. 'किसन' घातलं. तो उलटसुलट करून बघत म्हणाले, "पान राहिलं अक्का." इतक्या महिन्यांत मी त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलले, "त्या पानानंच माझं काम खाल्लं." ते मान हलवून गेले. पुढच्या रविवारी पुन्हा हजर.

असे रविवार किती गेले, मोजले नाहीत. आमचे हेही त्याच काळात गेले. तेव्हा खांदा द्यायला पुढे किसनभाऊच होते, आणि तेरा दिवस आमच्या घरचं पाणी भरलं ते कुसुमनं. तरी मनातली गाठ पुरती सुटली नव्हती, खोटं कशाला सांगू?

मग दक्षिण आफ्रिकेवरची बंदी उठली आणि पुढे तिथे सगळ्यांचं मतदान झालं. जसुबेनकडे टीव्हीवर दाखवत होते. उन्हात लांबच लांब रांगा, काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या. भाऊ दारातच उभे राहून बघत होते, आत या म्हटलं तरी येईनात. एक म्हातारी मत देऊन बाहेर आली आणि नुसती आपल्या हातांकडे बघत राहिली... मला गयाबाईंची ओंजळ आठवली. मी उठून भाऊंशेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी टीव्हीवरची नजर न काढता मला सांगितलं, "पेटी उघडली तेव्हा ती गुजराती अक्षरं मला वाचता येत नव्हती. पान वाचता आलं. हमालानं परत खिळे ठोकायला हातोडी उचलली होती. गुजराती वाचणाऱ्याला न बोलावता मी गप राहिलो असतो तर कुणालाच कळलं नसतं." मी विचारलं, "मग का नाही राहिलात?" ते म्हणाले, "घरी येऊन आईच्या पेल्यात पाणी कसं प्यायलो असतो?"

त्यानंतर आठवड्याभरात शेठ पेढे घेऊन माझ्या टेबलाशी. गाळा कधीच उघडला होता, ऑर्डरी सुरू होत्या. "अब डरबन लिखो, बड़ा बड़ा लिखो, कोई पूछनेवाला नहीं." मी भाऊंना जाऊन सांगितलं तर ते पोट धरून हसले. शेठच्या नव्या थाळ्यांच्या पहिल्या ओळीनंतर माझा हात थांबला आणि किती वर्षांनी ते पान आपसूक उतरलं. संध्याकाळी मी भाऊंच्या घरी गेले, म्हटलं, "तुमचा पेला द्या, पान काढून देते." तर त्यांनी तो छातीशी धरला. म्हणाले, "नको. तुम्ही रागात होता तरी नाव घातलंत. हा असाच ठेवणार मी."

सुजातानं आणला तो हाच. गेल्या रविवारी मी मशीन काढली, तार लावली, पेला पालथा मांडीवर घेतला. हात आता थरथरतो, पण पानापुरता अजून चालेल. मशीन सुरू केली... आणि बंद केली. माणूस असताना नको म्हणाला होता, तो गेल्यावर त्याच्या पेल्यावर मी कोण हात चालवणार? धुऊन माठावर ठेवलाय. पोस्टमन, दूधवाला, पारूबायची सून, कुणीही आलं की त्यातूनच पाणी देते.

तेव्हा आता फोन नको. उठा आणि या. विरार काही विलायतेत नाही. दार उघडंच असतं, आणि मी काही कायमची इथे बसलेली नाही. आलात की आधी पाणी देईन. पिऊन झालं की पेला उलटा करून 'किसन' या अक्षरांवरून अंगठा फिरवून बघा. पुढची जागा गुळगुळीत लागेल. ती तशीच राहणार आहे. लवकर या.