मनोरमाच्या स्वयंपाकघरातला बोर्ड

राई गावातल्या निम्म्या घरांची वायरिंग महिपतच्या हातची. बापाची मिठागरं सुटली तेव्हा तो विशीत होता. भाईंदरच्या एका ठेकेदाराकडे वायर ओढायला लागला आणि त्याच कामात मुरला. धाकटी बहीण मनोरमा गावातच दिलेली. तिच्या नवऱ्याने, धर्माजीने, पक्कं घर बांधलं तेव्हा भिंतीत लोखंडी बॉक्स बसवण्यापासून शेवटचा दिवा लावण्यापर्यंत सगळं महिपतने एकट्याने केलं. फक्त अर्थिंगची वायर ओढली नाही. तेव्हा गावात कोणी ओढत नव्हतं.

त्याला सत्तावीस वर्षं झाली. खाऱ्या हवेने भिंती पोखरल्या. यंदा श्रावणात मनोरमाचा फोन आला.

"दादूस, किचनमधल्या बोर्डाला हात लावला का झिणझिण्या येतान. कवा येशील?"

"मीरा रोडला टॉवरचं काम चाललंय गं. रविवारी येतो. तोवर हात नको लावू."

शुक्रवारी सकाळी ओल्या फडक्याने ओट्यामागची भिंत पुसताना तिचा हात बोर्डाच्या स्क्रूला लागला. शेजारणीने मेन स्विच पाडला, पण तोपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरावा झाल्यावर धर्माजीने महिपतला बोलावलं. "त्यो बॉक्स बदल. दुसरा वायरमन माझ्या घरात नको."

महिपत गेला. मेन बंद केला, टेस्टर लावून दोनदा खात्री केली आणि बोर्ड उघडला. आतला बॉक्स गंजून पापुद्रे सुटले होते. वायर ज्या भोकातून आत येत होती, त्याची कड धारदार होती. तिथे घासून घासून लाल वायरचं आवरण कापलं गेलं होतं आणि उघडी तार लोखंडाला टेकली होती. भोकात रबराची एक चकती बसवायची असते. इथे ती नव्हती. झिजून पडली असती तर तिचे तुकडे आत सापडले असते. महिपतने बोटाने सगळा बॉक्स चाचपला. चकती तिथे कधी बसलीच नव्हती.

मागे धर्माजी आणि त्याची मुलगी नीलम उभे होते. गंज लागला, खारी हवा, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. दोघांपैकी कोणाला कळलंही नसतं.

"भाऊजी," तो म्हणाला, "ह्या गंजाचं काम न्हाय. मी बसवतानाच चुकलोय. निदान अर्थिंग असती तरी फ्यूज उडाला असता, बाय वाचली असती."

धर्माजी पाटावर बसला. मग म्हणाला, "तू तिला सांगितलं व्हतं, हात नको लावू. कामावर जायच्या आधी मी पन घरातच व्हतो ना. मीच का न्हाय पुसली भिंत?"

नीलम मात्र आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

महिपतने छिन्नीने जुना बॉक्स खणून काढला. खराब वायर कापल्या, नव्या ओढल्या, अर्थिंगची हिरवी वायर थेट मीटरपर्यंत नेली. नवा प्लास्टिकचा बॉक्स सिमेंटने बसवला. मेनजवळ गळती होताच वीज तोडणारा स्विच लावला. स्क्रू आवळताना डोळ्यांसमोर धूसर झालं, तसा तो थांबला, शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि उरलेले दोन स्क्रू लावले.

टॉवरचं काम त्याने दुसऱ्याच आठवड्यात सोडलं. आता तो जुन्या गिऱ्हाइकांची दारं वाजवतो. "तुमचे बॉक्स मीच बसवले व्हते, एकदा उघडून बघू द्या." कोणी आत घेतं, कोणी म्हणतं, चांगलं चाललंय की, कशाला भिंती फोडायच्या? अशा घरी तो पुन्हा आठवड्याने जातो.

धर्माजीकडे तो दर रविवारी जाऊन बसतो. चहा धर्माजीच करतो. नीलम अजून मामाशी बोलत नाही, आणि महिपतनेही तिला कधी बोल म्हटलेलं नाही.